खारट, तेलकट माती आणि तिथे टिकणारे जिवाणू

तेलविहिरीतून तेलाबरोबर खारं पाणीही वर येतं, कधीकधी समुद्राच्या पाण्याहून कितीतरी खारट. ते सांडलं की माती दुहेरी मार खाते. अशा सुक्या मातीवर पाण्याचा थेंब टाका, तो जिरतच नाही, गोळी होऊन बसतो. साधे जिवाणू इथे तग धरत नाहीत. मीठ त्यांच्या पेशीतलं पाणी ओढून घेतं. हॅलोमोनास, मरिनोबॅक्टर यांच्यासारखे मीठ सोसणारे जिवाणू मात्र एक्टोइनसारखे रेणू पेशीत साठवून पाणी धरून ठेवतात.

आणि हेच जिवाणू तेल खाऊन संपवतात. मला हे फ्लास्कमध्ये बघायला फार आवडतं. खाऱ्या द्रावणावरचा काळा तवंग हळूहळू फाटतो, त्याचे बारीक थेंब होतात, पाणी गढुळतं. जिवाणूंनी सोडलेल्या साबणासारख्या द्रव्यांची ही करामत. तेलातले सरळ साखळीचे अल्केन, म्हणजे कार्बन-हायड्रोजनची साधी संयुगं, आधी संपतात. अनेक कड्यांची संयुगं चिवट, ती मागे रेंगाळतात.

पण माती साफ करायला जमिनीत नुसते जिवाणू ओतून भागत नाही, हे मी भेटेल त्याला सांगते. तेलात कार्बन भरपूर, नत्र-स्फुरद नावालाच. ते वरून द्यावं लागतं. माती उलथून हवा खेळती ठेवावी लागते. आणि तेल गेलं तरी मीठ तिथेच राहतं. ते धुऊन काढायचा खर्च आराखड्यात सुरुवातीलाच धरा.