दल लेकचा गाळ आणि नदरू

गुलमर्ग, सोनमर्ग झालं, बर्फ मिळाला, थंडी पण खूप होती, फोटो ग्रुपवर सगळ्यांनी बघितलेत म्हणून ते सोडते. मला लिहायचंय दल लेकबद्दल, पहाटेच्या भाजीबाजारातून परतताना शिकारा आत तरंगत्या शेतांच्या बाजूला वळला तेव्हाचं.

वल्ह्याला पाणवेली अडकायला लागल्या आणि आमच्यातले एक काका लगेच म्हणाले, "शी, किती घाण!" मला ते फार लागलं. अहो, त्या बिचाऱ्या वेली कुठे घाण आहेत? तेलबल नाल्यातून गाळ येतो, शहराचं आणि हाऊसबोटींचं सांडपाणी येतं, ते सगळं तळाशी बसतं आणि मुळं धरून वाढणाऱ्या पाणवनस्पती फॉस्फरस बहुतेक त्या गाळातूनच उचलतात, त्यामुळे वरचं पाणी नितळ दिसलं तरी खाली त्यांची पंगत चालूच! शिवाय खायला एवढं आयतं मिळालं की त्या मुळं कमी आणि पाला जास्त वाढवतात. शिकारा चालवणाऱ्या चाचांनी एक वेल ओढली तर अलगद हातात आली, वर हे एवढं लांब जंजाळ आणि खाली मुळं जेमतेम. मशीनने नुसता पाला कापून नेला तरी गाळ तिथेच राहतो, मग पुन्हा येणारच की.

पण गाळ अतीच झाला तर उलटंही होतं. सडक्या पाल्याच्या त्या मऊ काळ्या चिखलात ऑक्सिजनच नसतो, मुळं गुदमरतात आणि बऱ्याच जाती खुरटतात. कमळ मात्र तिथेही मजेत वाढतं. बाजारात नदरूच्या, म्हणजे आपल्या कमळकाकडीच्या, जुड्या घेऊन माणसं नावेत बसली होती, चाचांनी त्यातली एक मोडून दाखवली, आरपार भोकं! पानांतून आलेली हवा याच नळ्यांतून चिखलातल्या कंदापर्यंत पोचते. मी कितीतरी वेळ ते भोकांचं टोक हातात धरून बसले होते.

अर्थात कमळालाही मर्यादा आहेच. तिकडे वुलर सरोवरात १९९२च्या पुराने इतका गाळ आणून टाकला की कमळं दिसेनाशी झाली, आणि गाळ उपसल्यावर २०२५मध्ये परत फुलली. तीसेक वर्षांनी!

आणि इथले शेतकरी हाच पाला आणि तळाचा चिखल उपसून तरंगत्या शेतांवर घालतात, त्यावर भाजी पिकते. कौतुक करावं तर यांचं, पण आमच्या पॅकेजमध्ये शिकारा म्हणजे फोटो आणि केशरवाल्यांच्या नावा एवढंच होतं, आत शेतांकडे न्यायला चाचांना वेगळे पैसे दिले आणि ते अजिबात जड गेले नाहीत.

तुम्ही जाणार असाल तर हाऊसबोट बुक करतानाच सांडपाणी कुठे सोडता ते विचारा. आम्ही विचारलं तर मालकांनी सरळ विषयच बदलला, मला अजूनही राग येतोय.