चौकोनी कंसातला दुसरा आकडा

भिवंडीच्या एका गोदामातली तक्रार: रॅकच्या गल्लीत बारकोड स्कॅनर मध्येच नेट सोडतात, दोन पावलं सरकलं की परत जोडले जातात. कंत्राटदाराने लॅपटॉप फिरवून ‘सिग्नल ९० टक्के’ असा अहवाल देऊन टाकलेला. विंडोजचा हा टक्का उणे १०० डीबीएमला (सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार) शून्य धरतो आणि उणे ५० ला शंभर, म्हणजे ९० टक्के हे उणे ५५. पण ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा, लॅपटॉपला कसा ऐकू येतो एवढंच त्यातून कळतं. स्कॅनरचं पॉइंटला काय ऐकू येतं, त्याबद्दल अवाक्षर नाही.

पॉइंट लिनक्सवरचा होता. आत शिरून ‘आयडब्ल्यू’ या वायफायच्या कमांडचा स्टेशन डंप काढला, त्यात जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची नोंद येते. आधी ‘इनॅक्टिव्ह टाइम’ बघायचा, म्हणजे उपकरण किती वेळ गप्प आहे ते. स्कॅनर झोपलेला असेल तर सिग्नलचा आकडा शिळा असतो, म्हणून २००० मिलिसेकंदांवरची उपकरणं मी सोडून देतो. उरलेल्यांचा सिग्नल उणे ६० च्या आसपास, ठणठणीत. पण पुढे चौकोनी कंसात प्रत्येक अँटेनाचा वेगळा आकडा असतो (सगळे ड्रायव्हर तो देत नाहीत), तिथे उणे ६२ आणि उणे ८५. एखाद्याच उपकरणाला असा फरक पडला तर ते धरलंय कसं, यावरही ढकलता येतं. इथे झाडून सगळ्यांना वीसेक डेसिबलचा फरक, आणि अशक्त अँटेना प्रत्येक वेळी तोच. उणे ८५ त्यापुढे इतके क्षीण की उणे ६२ मध्ये मिळवले तरी बेरीज उणे ६२ च दिसते, आणि देखण्या डॅशबोर्डवर फक्त ही बेरीज.

शिडी लावून पाहिलं. अँटेना रॅकच्या वर नेण्यासाठी एक्स्टेंशन केबल जोडलेली. केबलचं टोक साधं एसएमए (अँटेनाचा आट्यांचा कनेक्टर), मध्ये भोक. अँटेना आरपी-एसएमए, म्हणजे पिन आणि भोक उलटे केलेला प्रकार, त्यालाही मध्ये भोकच. बाहेरचे आटे एकच, त्यामुळे घट्ट बसतं, पण पिन कुठल्याच बाजूला नाही. जे झिरपेल तेवढंच पोचणार.

लॅपटॉपला दोन अँटेना, तो निभावून नेतो. स्कॅनरला एकच. लोखंडी रॅकवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारतात आणि २.४ गिगाहर्ट्झला, साडेबारा सेंटिमीटर तरंगलांबीत, काही सेंटिमीटरवर सिग्नल मरतो किंवा उठतो. अशा जागी पॉइंटचा दुसरा अँटेनाच सावरतो. दरम्यान व्यवस्थापनाने ‘जास्त पॉवरच्या’ नव्या पॉइंटांचं कोटेशन मागवलेलं. ती पॉवर स्कॅनरच्या क्षीण आवाजाला काय उपयोगाची?

केबल बदलल्यावर दोन्ही अँटेना तीन डेसिबलच्या आत आले. आता एक स्क्रिप्ट दर १० सेकंदांनी डंप काढते. किमान पाच उपकरणं जागी असतील आणि त्यांच्या फरकाचा मध्यक १० डेसिबलच्या वर गेला तर निरोप येतो. रात्रपाळीला दोन-तीनच स्कॅनर चालू असतात, तेव्हा ती गप्प. पाच उपकरणांची मर्यादा तीनवर आणली तर खोटे निरोप येतील, आणि रात्रीच्या त्या पट्ट्याला अजून उत्तर सापडलेलं नाही.