उपलब्धीचा तक्ता आणि कापसाची पट्टी

डिसेंबर लागला की आमच्या बी.एड. कॉलेजात माझ्यामागे एकच तगादा असतो, "मॅडम, उपलब्धीचा तक्ता झाला का?" आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, काम गळ्यात पडल्यापासून प्राध्यापकांनी काय केलं, विद्यार्थ्यांनी काय केलं, हे गोळा करून रकान्यांत बसवणं माझ्याकडे आलं. तेच पुढे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या वार्षिक अहवालात जातं आणि स्नेहसंमेलनात वाचलंही जातं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. संलग्नता संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची, निम्मी मुलं एसटीनं येणारी. रकाने मात्र मोठ्या शहरातल्या कॉलेजांना असतात तेच.

पहिला रकाना शोधनिबंधांचा. 'यूजीसी केअर यादीतील नियतकालिकात प्रसिद्ध झालेले' असं त्यावर अजून छापलेलं आहे. मान्य नियतकालिकांची ती यादी यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, फेब्रुवारी 2025 मध्ये बंदच केली. यादी गेली, रकाना राहिला. 'एवढे रुपये भरा, आठ दिवसांत छापून देतो' हे मेसेज तर कधी थांबलेच नव्हते. आमचे मराठी अध्यापन पद्धतीचे सर या वाटेला गेले नाहीत. त्यांचा इतक्या वर्षांत एकच निबंध आहे, घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारी तांड्यावरची मुलं मराठी लिहिताना कुठे अडतात यावरचा. त्यासाठी ते स्वतः तांड्या-तांड्यावर फिरले, मुलांच्या वह्या चाळत बसले. तक्त्यात निबंधांची फक्त संख्या दिसते, म्हणून सर सगळ्यांत खाली येतात. मी यंदा क्रम आडनावानुसार लावला. तेवढं माझ्या हातात होतं.

विद्यार्थ्यांचे रकाने पटापट भरले. युवा महोत्सवात पथनाट्य, वक्तृत्वात दोघं, 'आविष्कार' या संशोधन स्पर्धेसाठी एक भित्तिपत्रक. पत्रकारिता पदविकेच्या एका मुलानं मोबाइलवर रोजचे कापूस, तूर, सोयाबीनचे भाव वऱ्हाडीत सांगायला सुरुवात केली आहे. त्याला कोणत्या रकान्यात टाकू विचारलं तर म्हणाला, "मॅडम, राहू द्या न, कास्तकार ऐकतात ते बस झालं."

यंदा टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, रकाना वेगळाच झाला. सर्वोच्च न्यायालयानं 1 सप्टेंबर 2025 ला निकाल दिला, की ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे अशा सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. त्यामुळे 23 नोव्हेंबरच्या परीक्षेआधी आमच्या वाचनालयात जुन्या विद्यार्थिनी येऊन बसायला लागल्या. एक तर माझ्याच वर्गात शिकलेली, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका. तिच्या शेजारी यंदाच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. 150 प्रश्न, अडीच तास. बालमानसशास्त्र मुलगी बाईंना समजावून सांगत होती आणि खरा वर्ग कसा असतो ते बाई मुलीला. रकाना एवढंच विचारतो, उत्तीर्ण किती?

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. पांढरकवड्याच्या बाजूच्या एका जिल्हा परिषद शाळेत आमच्या मुलींची आंतरवासिता, म्हणजे शाळेत शिकवण्याचा सराव, सुरू होती. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचा सहावीवर गणिताचा पाठ होता, घटक शतमान, म्हणजे टक्केवारी. मी निरीक्षण वही घेऊन मागच्या बाकावर. तिनं प्रस्तावना नाही, हेतुकथन नाही, थेट पर्समधून कापसाची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, काढली. तिच्या वडिलांची, आदल्या आठवड्यातली, सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावरची. 12 क्विंटल, लांब धाग्याचा, ओलावा 11 टक्के.

फळ्यावर तिनं लिहिलं : हमीभाव 8110. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे दर टक्क्याला भावातून एक टक्का कपात, 12 च्या वर घेतच नाहीत. "मग माझ्या बाबाले क्विंटलमागे किती भेटले?" पुस्तकातल्या दुकानदाराच्या नफ्याला जी पोरं हात लावत नाहीत, ती सगळी वहीवर वाकली. 3 टक्के म्हणजे 243 रुपये 30 पैसे. हाती 7866 रुपये 70 पैसे. 12 क्विंटलवर कपात 2919 रुपये 60 पैसे.

"एवढे पैसे!" एक पोरगा ओरडला. "दोन दिस आंगणात वाळवला असता तं?"

पाठ इथंच संपला असता तरी चांगला होता. पण दुसऱ्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "वाळवला तं वजनही उतरन न मॅडम."

आमची मुलगी थबकली. हे पाठ टाचणात नव्हतं. मग तिनं खडू उचलला आणि मुलांनाच विचारत ढोबळ हिशेब मांडला. 12 क्विंटलचे 3 टक्के म्हणजे 36 किलो, तेवढं पाणी उडून जाईल. किलोचा भाव 81 रुपये 10 पैसे. गुणाकार केला तर 2919 रुपये 60 पैसे! वर्गात एकदम गलका उठला. कपात झाली ती पाण्याचीच, वाळवून हाती काही जास्त पडलं नसतं. तेवढ्यात खिडकीजवळचा मुलगा म्हणाला, "आमचा चौदा निघाला होता, बाबानं वापस आणला. मग आमाले वाळवाच लागन." हो, त्याला वाळवावाच लागणार होता, आणि का, ते त्याचं त्यालाच कळलं होतं.

तास कधीच संपला होता. निरीक्षणपत्रिकेत हेतुकथनाला गुण देता आले नाहीत, वेळेच्या नियोजनालाही नाही. बाकी मी हात आखडला नाही.

पाठानंतर तिला म्हटलं, "हे समवाय पद्धतीत लिही." समवाय म्हणजे हातातल्या कामाशी जोडून विषय शिकवणं. ती बघतच राहिली. 22-23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, गांधीजी अध्यक्ष होते, झाकीर हुसेन समिती तिथूनच निघाली, हे सगळं तिनं परीक्षेत लिहिलेलं आहे. टकळीवर सूत काततानाच गणित शिकायचं, हेही. पण तो कापूस आणि आपल्या बाबांचा कापूस एकच, असं तिला वाटलंच नव्हतं. वर्धा आमच्यापासून काही फार दूर नाही, पण गांधीजींची ही कामातून शिकण्याची नई तालीम आम्ही शिकवतो ती पाच गुणांच्या टिपेपुरती. यात दोष मुलीचा नाही.

तक्त्यात हा पाठ कुठे टाकायचा? पुरस्कार नाही, प्रमाणपत्र नाही. शेवटी 'उत्तम उपक्रम' या शीर्षकाखाली टाकला. कार्यालयातून लगेच विचारणा झाली, जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला, फोटो कुठे आहे? फोटो कोणी काढलाच नव्हता, माझ्यासकट सगळे हिशेबात गुंतलेले. मग पुरावा म्हणून पट्टीच जोडायचं ठरवलं. मुलगी म्हणाली, "मॅडम, झेरॉक्स घ्या. चुकारा खात्यात पडेस्तोवर मूळ पट्टी बाबा सोडत नाहीत."