फॉलोअपला न आलेली मुलं

मुलांच्या दातांवरच्या कुठल्याही अभ्यासाचा पेपर लिहायचा म्हटलं की एक तक्ता काढावाच लागतो. किती मुलं तपासली, कोणत्या गटात किती गेली, शेवटी किती उरली. या कन्सॉर्ट फ्लो चार्टमध्ये एक चौकट असते, ‘लॉस्ट टू फॉलोअप’, म्हणजे पुढच्या तपासणीला न सापडलेली मुलं. आमच्या अभ्यासात त्या चौकटीत गेलेली बहुतेक मुलं एकाच कारणानं गेली आहेत. अभ्यासाचे प्रमुख असलेले सर म्हणतात, कारण लिहायला एक ओळ पुरेशी आहे, ‘कुटुंबाचं स्थलांतर’. मला ती ओळ पुरत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी बालदंतरोगतज्ज्ञ, आमच्या भाषेत पेडो. या अभ्यासात मी सहसंशोधक, म्हणजे शाळेच्या व्हरांड्यात बसून मुलांच्या तोंडात प्रत्यक्ष बघणारी. बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळा, पहिली ते तिसरीची मुलं, किडलेल्या दुधाच्या दाढा. चिठ्ठी निघेल त्याप्रमाणे एका गटाला सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, म्हणजे एसडीएफ हे कीड थांबवणारं औषध, आणि दुसऱ्या गटाला हातानं कीड खरवडून भरलेलं जीआयसी, म्हणजे ग्लास आयोनोमर सिमेंट. दोन्हीत मशीन नाही, इंजेक्शन नाही, वीज गेली तरी अडत नाही.

एसडीएफबद्दल मला मनापासून आपुलकी आहे. 38 टक्क्यांच्या या औषधात फ्लोराइड सुमारे 44,800 पीपीएम असतं. आपल्या नेहमीच्या टूथपेस्टमध्ये हजाराच्या आसपास. जपानमध्ये ते 1970 च्या सुमारापासून वापरात आहे आणि 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. लावायला मिनिटभर लागतं, पण ते मिनिट नीट लावावं लागतं. आधी ओठांना आणि हिरडीला व्हॅसलीन, मग कापसाचे रोल, मग दाढ अगदी कोरडी. थेंब प्लास्टिकच्या वाटीतच घ्यायचा, काचेच्या किंवा धातूच्या नाही. गालाला किंवा बोटाला लागला तर तेव्हा काहीच दिसत नाही. काही तासांनी काळा डाग उमटतो आणि कातडी बदलेपर्यंत राहतो. किडलेला भाग तर कायमचा काळा होतो. म्हणून आम्ही पुढचे दात अभ्यासात घेतलेच नाहीत, फक्त दाढा घेतल्या. आणि म्हणूनच ब्लाइंडिंग, म्हणजे तपासणाऱ्यापासून गट लपवणं, जमत नाही. तपासणाऱ्याला तोंड उघडल्याबरोबर कळतं कोणता गट आहे. रिव्ह्यूअर दर वेळी हे विचारतात. काळा रंग कसा लपवायचा ते कोणी सांगत नाही.

हे औषध वर्षातून एकदा लावण्यापेक्षा दोनदा लावलेलं जास्त कीड थांबवतं. हाँगकाँगमध्ये बालवाडीतल्या 888 मुलांवर झालेल्या आणि 2018 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात 30 महिन्यांनंतर दोनदावाल्या गटात सुमारे 76 टक्के कीड थांबलेली होती, एकदावाल्यात सुमारे 67. आमचं वेळापत्रक त्याच धर्तीवर, दर सहा महिन्यांनी. तिथली मुलं सहा महिन्यांनी पुन्हा बालवाडीतच सापडतात. आमच्या शाळा जूनमध्ये उघडतात, परवानग्या मिळून पहिली तपासणी व्हायला ऑगस्ट उजाडतो. ऑगस्ट अधिक सहा म्हणजे फेब्रुवारी. दसरा-दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाही, हे बीडमध्ये शेंबडं पोरही सांगेल. मी हे प्रोटोकॉल ठरतानाच विचारलं होतं. उत्तर मिळालं, ड्रॉपआउट धरून सॅम्पल वाढवून घ्या.

आकडेशास्त्रात हे उत्तर तेव्हाच चालतं, जेव्हा मुलं कशीही, कुठूनही गळतात. इथे तसं नाही. ज्यांच्या घरी सांभाळायला आजी आहे ती मागे राहतात. जी कोयत्याबरोबर, म्हणजे ऊस तोडणाऱ्या आई-बापाबरोबर, जातात त्यांचं खाणं वेगळं, झोप वेगळी, दुपारी उपाशी राहू नये म्हणून हातात दिलेला बिस्किटांचा पुडा वेगळा. म्हणजे आमच्या हाती जो निकाल येतो तो राहिलेल्या मुलांचा येतो. गेलेल्यांबद्दल तो काहीही सांगत नाही, आणि कीड सगळ्यात जास्त वाढण्याची भीती त्यांच्यातच.

त्या फेब्रुवारीत शाळेत हजेरी घेतली तेव्हा गुरुजींनी एकेका नावापुढे नुसतं ‘कारखाना’ म्हटलं, म्हणजे साखर कारखान्याच्या ऊसतोडीवर. मी सरांना फोन केला, की या मुलांना जिथे आहेत तिथे जाऊन बघते. सर म्हणाले, जा, पण गाडीखर्च प्रकल्पातून निघणार नाही. तरी त्यांनी अडवलं नाही, हे लिहिलं पाहिजे.

अभ्यासातल्या पूजाच्या (नाव बदललं आहे) आजीनं मुकादमाचा, म्हणजे तोडणीची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचा, नंबर दिला. तो भिंतीवर कोळशानं लिहिलेला होता. मुकादमानं पहिला प्रश्न विचारला, “कोण बोलतंय? लेबर हापिसातून का?” मी म्हटलं, दातांची डॉक्टर आहे. “दातासाठी एवढ्या लांब? कुणी तक्रार केलीय का?” त्याला पटवताना माझ्या लक्षात येत होतं, की हे कुटुंब एका आरोग्य अभ्यासात आहे हे मी त्याला सांगते आहे, आणि याच माणसाकडून त्यांनी उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, घेतलेली आहे. कन्सेंट फॉर्मवर आम्ही लिहून दिलं होतं, की तुमची माहिती कोणालाही कळणार नाही. पण मुकादमाला वगळून त्या कुटुंबापर्यंत पोचायचा रस्ता नव्हता. टोळीचा फड नेमका कुठे आहे ते पुढे कारखान्याच्या चिटबॉयनं, म्हणजे फडावर तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसानं, सांगितलं.

मी आणि एक इंटर्न सांगली जिल्ह्यातल्या त्या कोप्यांपाशी, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांपाशी, दुपारी पोचलो. बांबू, पाचट आणि वर ताडपत्री. मोठी माणसं सगळी फडात. सात वर्षांची पूजा धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. तिनं मला लगेच ओळखलं आणि आपणहून तोंड उघडलं. मी तिला बंद करायला सांगितलं. आईची सही असली तरी आई-बाप नसताना मुलाला हात लावायचा नाही. इंटर्नला हा नियम तिथे फारच जाचक वाटला, पण ज्या पोरांना दिवसभर विचारणारं कोणी नसतं त्यांच्याच बाबतीत तो सगळ्यात आधी पाळायला हवा. आम्ही थांबलो. आई-बाप गाडी भरून आले तेव्हा अंधार पडला होता.

हेडलॅम्प लावला. पूजा आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. खालची डावी दुसरी दाढ अभ्यासातली. कापसानं पुसली, गोल टोकाचा प्रोब टेकवला आणि हलकेच ओढला. चालू कीड प्रोबखाली ओल्या चामड्यासारखी दबते. ही दबली नाही. काळी, चकचकीत, टणक. फॉर्मवर ‘अरेस्टेड’, म्हणजे कीड थांबलेली, असं लिहिलं. ऊसतोडीच्या पालावर, ब्रश नसताना, महिनोन्‌महिने कोणी पाहिलं नसताना एका थेंबानं धरलेली ती दाढ होती. मला इतका आनंद झाला होता की मी इंटर्नच्याही हातात प्रोब दिला.

आणि मग वर पाहिलं. वरची डावी पहिली दाढ ऑगस्टमध्ये चांगली होती, नुसता एक पांढरट ठिपका. आता तिचा अर्धा भाग गेलेला आणि हिरडीवर पुळी, दाबल्यावर पू. आमच्या फॉर्ममध्ये या दाढेसाठी रकाना नाही. अभ्यासाची दाढ यशस्वी, म्हणजे पूजा यशस्वी गटात. पूजाची आई म्हणाली, “खालची काळी पडली पण ठणकत न्हाई. रात्रीची रडती ती ह्या वरच्यापायी. मंग ह्याला का न्हाई लावलं ते औषध?”

मी तिला सांगितलं, की तेव्हा तिथे खड्डा नव्हता, आणि आता कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचल्यावर हे औषध उपयोगाचं नाही, दाढ काढावी लागेल. उद्या ग्रामीण रुग्णालयात आणा, मी बोलून ठेवते. नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. एक दिवस फडात गेलं नाही की खाडा. मजुरी बुडते ती वेगळी, वर मुकादम दंड कापतो. आमच्या फॉर्मवर लिहिलं होतं, ‘येण्याजाण्याचा खर्च दिला जाईल.’ खाड्याचं कुठे काही नव्हतं. मुकादम शेजारीच उभा होता आणि म्हणाला, “न्या की मॅडम, मी काय नाय म्हणतो का?” खाडा माफ करतो असं तो म्हणाला नाही.

माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र जवळच्या तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, घेऊन ये, उघडतो. रात्री त्याच्या खुर्चीवर बधिरीकरण देऊन दाढ काढली. पूजानं माझं बोट घट्ट धरलं होतं, ओरडली नाही. पुस्तकात यापुढे स्पेस मेंटेनर येतो, म्हणजे मागची दाढ पुढे सरकू नये म्हणून बसवायची तार, आणि तिची तपासणी काही महिन्यांनी. त्याबद्दल मी आईशी बोललेसुद्धा नाही. कोपीवर परत सोडलं तेव्हा पहाटेच्या फडाला उठायला तिला थोडेच तास उरले होते.

विभागात सांगितल्यावर सगळ्यांनी कौतुक केलं. मला ते कौतुक नको होतं, चर्चा हवी होती. आकडेशास्त्रज्ञ मात्र नीट बोलले: कोपीवरच्या तपासण्या वेगळ्या प्रकाशात झाल्या, त्या मुख्य विश्लेषणात न घेता वेगळ्यानं द्या, म्हणजे वाचणाऱ्याला फरक दिसेल. हे पटलं. ‘पेपरमध्ये दाढ काढल्याचं नको, विषयांतर होतं’ हे मात्र पटलेलं नाही. मूल उपचार गटात असताना त्याच्या तोंडात पू होतो, ही माझ्या मते निकालाचीच बाब आहे.

मुकादमाला फोन करणं बरोबर होतं का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. न करते तर ती पुळी कोणाला दिसली नसती. केला, आणि आता ते कुटुंब त्याच्या नजरेत वेगळं उठून दिसतं. दाखल करतानाच आईला विचारून ठेवता येईल, की तुम्ही कारखान्यावर असताना भेटायचं का आणि कोणामार्फत. नव्या प्रोटोकॉलमध्ये तो प्रश्न कन्सेंटच्या पहिल्या पानावर टाकला आहे. भेटी गावाच्या कॅलेंडरनं लावल्या आहेत: माणसं परतल्यावर जूनमध्ये एक आणि दसऱ्याच्या आत दुसरी. अंतरं सारखी येत नाहीत, तर न येवोत. वर्षातून दोनदा औषध लागणं महत्त्वाचं. फॉर्ममध्ये संपूर्ण तोंडाचा रकाना आहे. आणि खर्चाच्या तक्त्यात ‘खाडा भरपाई’ अशी ओळ घातली आहे.

तक्ता एका शेऱ्यासह परत आला आहे: या रकमेसाठी कोणता पुरावा जोडणार? खाड्याची पावती कोणी देत नाही. आईचं स्वतःचं म्हणणं आणि अंगठा पुरावा धरावा, असं उत्तर मी लिहिते आहे.