सीएलए काढा, साइन-ऑफ पुरेसा आहे

मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात कोडच्या दोन ओळींच्या दुरुस्तीसाठी आधी सीएलएवर, म्हणजे योगदान देणाऱ्याने करायच्या परवाना करारावर, सही मागितली, की नवा माणूस तिथूनच परत फिरतो. नोकरदाराला तर कंपनीच्या वकिलांची मंजुरीही लागू शकते. कोड कुठून आला याची नोंद राहावी म्हणून लिनक्स कर्नलने २००४ साली डीसीओ आणला: हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, अशी हमी योगदान देणारा साइन-ऑफच्या एका ओळीने देतो. कोड ठेवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबनेही २०१७ मध्ये सीएलए सोडून तोच स्वीकारला. पुढे परवाना बदलायचा बेत नसेल, तर बहुतेक प्रकल्पांना तो पुरतो.

करायचं एवढंच: कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटमध्ये कमिट करताना, म्हणजे बदलाची नोंद करताना, 'डॅश एस' जोडायचं. संदेशाच्या शेवटी नाव आणि ईमेल असलेली साइन-ऑफची ओळ आपोआप येते.

अडतं ते ईमेलवर. कमिटच्या लेखकाचा पत्ता एक आणि साइन-ऑफमधला दुसरा असला, की साइन-ऑफ तपासणाऱ्या बॉटची तपासणी लाल होते, म्हणजे नापास होते. घरच्या आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर गिटची सेटिंग वेगळी असली आणि एकावरचं कमिट दुसऱ्यावर साइन-ऑफ केलं, की हे होऊ शकतं. साइन-ऑफच राहून गेला असेल आणि तोही शेवटच्या एकाच कमिटमध्ये, तर ते 'अमेंड' करताना, म्हणजे दुरुस्त करताना, साइन-ऑफ जोडा. अनेक असतील तर मुख्य शाखेवर 'रिबेस' करताना, म्हणजे आपली कमिट्स तिच्यावर नव्याने रचताना, 'साइनऑफ' पर्याय द्या. इतिहास बदलल्यामुळे साधा पुश, म्हणजे कोड सर्व्हरवर पाठवणं, नाकारला जाईल, तेव्हा 'फोर्स विथ लीज' वापरा; मधे दुसऱ्याने काही पाठवलं असेल तर तो थांबतो. नुसता 'फोर्स' दुसऱ्याचं काम पुसू शकतो.

या आज्ञा प्रकल्पाच्या कॉन्ट्रिब्यूटिंग फाइलमध्ये, म्हणजे योगदानाच्या सूचनांच्या फाइलमध्ये, जशाच्या तशा द्या. बॉटच्या लाल शेऱ्यातही त्या हव्यातच. नवखा माणूस तिथेच अडकलेला असतो.