शेर्विनचा चढ आणि हीटरची नळी

आमची व्हॅन १९८७ची फोक्सवॅगन व्हॅनागन. छत उचललं की वर झोपायची जागा, खाली शेगडी आणि बेसिन. मूळचं इंजिन ९५ अश्वशक्तीचं, घाटात दमणारं. आधीच्या मालकाने ते काढून सुबारूचं २.२ लिटरचं ईजे२२ बसवून घेतलं होतं. साधारण १३० अश्वशक्ती. अमेरिकेत व्हॅनागनवाल्यांमध्ये हा बदल रुळलेला आहे.

जुलैमध्ये लॉस एंजेलिसहून टायोगा खिंडीकडे निघालो. मोहावीचं वाळवंट ओलांडून हायवे ३९५ ओवेन्स खोऱ्यात शिरला की डावीकडे सिएरा नेवाडा पर्वताची भिंत उभी राहते. लोन पाइनला व्हिटनी शिखर दिसतं, ४,४२१ मीटर. आम्ही दोघं मात्र शिखरापेक्षा इंजिनाचं तापमान दाखवणाऱ्या काट्याकडेच जास्त बघत होतो. सपाट रस्त्यावरही तो हळूहळू वर सरकायचा, लाल दिवा लुकलुकायच्या बेतात यायचा आणि मग झर्रकन खाली उतरायचा.

या गाडीत रेडिएटर नाकाशी आणि इंजिन शेपटाशी. मधल्या लांब पाइपांसकट १६ लिटरच्या आसपास कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, लागतं, त्यामुळे काटा चढला की पहिला संशय आत अडकलेल्या हवेवरच. पण निघण्याआधी गाडीचं तोंड जॅकवर उचलून, रेडिएटरच्या वरचा स्क्रू सैल करून, इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर ठेवून आम्ही बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली होती. रेडिएटर नवा, पाण्याचा पंपही नवा.

बिग पाइनच्या पुढे काटा परत चढला तेव्हा हीटर लावला. बाहेर रणरणतं ऊन, आत गरम झोत. काटा उतरला. बायको म्हणाली, "अरे, हा फार पटकन उतरतोय. हीटरने एवढी उष्णता इतक्या लवकर बाहेर जाईल का?"

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. हीटर बंद केला, काटा चढू दिला आणि कडेला थांबून पुढची जाळी तपासली. मागे इंजिन तापलेलं आणि पुढे रेडिएटर जेमतेम कोमट! म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापलं की उघडून रेडिएटरची वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह, वेळेवर उघडतच नव्हता.

सुबारूच्या या इंजिनात थर्मोस्टॅट पंपाच्या तोंडाशी, रेडिएटरकडून परत येणाऱ्या पाण्याच्या वाटेवर बसतो. इंजिन किती तापलंय हे त्याला कळतं ते हीटरमधून फिरून येणाऱ्या गरम पाण्यामुळे. सुबारूच्या मूळ गाडीत हीटरला पाणी अडवणारा व्हॉल्व्हच नाही, पाणी सतत फिरतं. व्हॅनागनमध्ये मात्र असा व्हॉल्व्ह आहे, आणि उन्हाळ्यात हीटर बंद म्हणजे तो व्हॉल्व्ह बंद. दोन्ही कंपन्यांची रचना आपापल्या गाडीत चोख, पण एकत्र आणताना हा दुवा जोडायचा राहिला होता. थर्मोस्टॅटजवळचं पाणी गारच राही. इंजिन भलतंच तापल्यावर उष्णता कशीबशी तिथवर पोचायची, मग तो एकदम उघडायचा आणि रेडिएटरमधलं सगळं गार पाणी आत धावायचं. हीटर लावला की त्याला लगेच बातमी मिळायची.

बिशपच्या पुढेच शेर्विनचा चढ लागतो, सुमारे १,२६० मीटरवरून २,१०० च्या वर. अशा काट्यानिशी तो चढायचा नव्हता. बिशपमध्ये पार्ट्सच्या दुकानातून दोन टी (तीन तोंडांचे जोड), थोडी बारीक होज म्हणजे रबरी नळी आणि क्लिपा घेतल्या. गाडी पूर्ण निवेपर्यंत थांबलो, कारण दाबाखालचं गरम कूलंट अंगावर आलं तर भाजून काढतं. मग इंजिनपाशी हीटरला जाणाऱ्या आणि हीटरकडून येणाऱ्या नळ्यांत एकेक टी बसवून दोन्ही त्या बारीक होजने जोडले. व्हॉल्व्ह बंद असला तरी थोडं गरम पाणी आता पंपाकडे फिरत राहणार. होज मुद्दाम बारीक घेतली, जाड असती तर गरम पाण्याने रेडिएटरला बगल दिली असती. सांडलेलं कूलंट ताटलीत धरलं. ते चवीला गोड लागतं आणि कुत्र्यांच्या जिवावर बेततं. शेवटी पुन्हा हवा काढली.

संध्याकाळी शेर्विन चढलो, हीटर बंद ठेवून. काटा तबकडीच्या मध्यावर आला आणि तिथेच राहिला. बायकोने खिडकी उघडून पाय डॅशबोर्डवर टाकले. ली व्हायनिंगला मुक्काम केला, सकाळी मोनो तळं बघितलं आणि ३,०३१ मीटरच्या टायोगाला दुसऱ्या गिअरमध्ये, मोटारहोमच्या रांगेमागून, निवांत पोचलो. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे प्लॅस्टिकचे टी काढून पितळेचे बसवणं.