मागच्या सीटवरून

रविवार, रात्री

आज यांच्या मागे बसून संगम माहुलीपर्यंत जाऊन आले. लग्न झाल्यापासून गाडीवर मी पुढे आणि हे मागे, मांडीवर ऑफिसची बॅग घेऊन. साताऱ्यात पोवई नाक्यावर ओळखीचं कुणी भेटलं की हमखास चिडवायचं, "साहेब, ड्रायव्हर झकास मिळालीय!" हे हसून सोडून द्यायचे. त्यांना कधी लाज वाटली नाही, आणि मला त्याचंच कौतुक.

पण यांची बदली झाली बँकेच्या कोरेगावच्या पुढच्या शाखेत. जायला सकाळची एसटी मिळते, परतीची मात्र इकडे कॅश जुळायच्या आत निघून गेलेली असते. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर ही पहिली मोटारसायकल. सल्ले द्यायला अख्खी गल्ली. धाकटे भाऊजी म्हणाले, बुलेट घ्या, रुबाब राहतो. दोनशे किलोच्या आसपासचं ते धूड आडवं झालं तर उचलायला भाऊजी येणार होते का? शेवटी स्प्लेंडर घेतली. 97.2 सीसी, वजन 112 किलो, आणि कुठल्याही फाट्यावरच्या मेस्त्रीकडे पार्ट मिळतात. शोरूममध्ये हार, चाकाखाली लिंबू, कंदी पेढे, सगळं साग्रसंगीत झालं. गाडी घरी आणली मात्र शेजारच्या पोराने. मालकांना चालवता कुठे येत होती!

शिकवायचं कामही त्याच्याकडेच दिलं. नवऱ्याला बायकोने गाडी शिकवू नये, या मताची मी आहे. शिवाय ॲक्टिव्हावालीला क्लचचं काय कळणार? भल्या सकाळी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर ते दोघं, आणि चहाचा थर्मास घेऊन मी मागोमाग. घोटाळा असा की त्या पोराची स्वतःची गाडी दीडशे सीसीची. तिचा पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर. स्प्लेंडरचे चारही खाली, पुढे चवड्याने दाबला की चढतो, मागे टाचेने दाबला की उतरतो. तो सवयीने ओरडायचा, "काका, वर घ्या, वर!" हे आज्ञाधारकपणे चवडा खाली घालून गिअर उचलायचे, तो उतरायचा आणि गाडी असा आचका द्यायची की हेल्मेट कपाळावर.

हाफ क्लचला सगळ्यात वेळ गेला. डावी मूठ आवळून बोटं पांढरी पडलेली. मग पोराने एक चांगलं केलं. ॲक्सिलरेटरला हातच लावू दिला नाही. नुसता क्लच हळूहळू सोडायचा, इंजिनाचा आवाज जरा बसला की तिथेच थांबायचं. तेवढ्यावर गाडी आपसूक सरकायला लागली आणि हे चक्क खुदकन हसले.

त्यात या गाडीची आणखी एक गंमत. न्यूट्रलमध्ये थोडी उभी राहिली की पेट्रोल वाचवायला इंजिन आपलं आपण बंद होतं, क्लच दाबला की परत चालू. हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. "पाडली बघ परत बंद," म्हणत हे खाली उतरून किक शोधायचे.

पक्कं लायसन्स हातात येईपर्यंत मी मागे बसले नाही. शिकाऊ लायसन्सवर मागे शिकवणाराच चालतो. आज बसले, तर हात कुठे ठेवायचे तेच कळेना. समोर जरंडेश्वराचा डोंगर, पुढ्यात उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या जोडलेला. मी असते तर हॉर्न देऊन केव्हाच पुढे काढली असती. हे गिअर उतरवून निवांत मागे राहिले, रस्ता पार लांबपर्यंत मोकळा दिसल्यावरच निघाले. मला दोनदा तोंड उघडावंसं वाटलं, उघडलं नाही. संध्याकाळची काळजी मात्र आहेच. हंगामात त्या ट्रॉल्यांना मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. म्हटलं, "अहो, अंधार पडला तर कोरेगावात थांबा, मी येते न्यायला." "बघू," म्हणाले. म्हणजे नाही.

उद्यापासून स्टँडवर सोडायला जायचं नाही. सकाळचा तेवढा वेळ मोकळा मिळणार, त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. आत्ता जेवण झाल्यावर हे पार्किंगमध्ये जाऊन आले आणि मला म्हणतात, "अगं, तुझ्या ॲक्टिव्हाच्या मागच्या टायरात हवा कमी आहे. लक्ष देत जा जरा गाडीकडे."